दुसऱ्या डब्याचा पत्ता

मोलो, इलोइलो
४ ऑगस्ट २०१४

प्रिय इंदाय जोव्हेलिन,

तू पाठवलेले मासिकातले कात्रण पोचले. या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे आणि ती मी आरंभीच मांडते, म्हणजे मधेच कंटाळून पत्र ठेवून दिलेस तरी तुझे नुकसान होणार नाही. पुरावा म्हणून तू अशिलांच्या हाती जे देतेस तो पुरावा नसतो; आणि म्हणून गेली एकोणीस वर्षे तू जे करते आहेस त्याला व्यवसाय म्हणता येत नाही. फार तर सवय म्हणता येईल.

कात्रणाचा मथळा ‘सहाशे नवऱ्यांची कर्दनकाळ’ असा आहे. डास मारण्याच्या औषधाची जाहिरात असावी असे मला प्रथम वाटले. फोटोत तू काळा चष्मा लावून उभी आहेस. लपून काम करणाऱ्या बाईने मासिकात फोटो का छापून घ्यावा, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. तो तर्कशास्त्राचा नाही, साध्या अकलेचा आहे.

तुझी पद्धत तू स्वतःच्या शब्दांत दिली आहेस: ‘प्रवासाहून परतणारा माणूस घरी पासालुबोंग नेल्याशिवाय राहत नाही. मी त्याच्या खाऊचे डबे मोजते. दुकानातून दोन निघाले आणि घरी एकच पोचला, तर मी दुसऱ्या डब्याचा पत्ता शोधते.’ वाक्य चटपटीत आहे. आता त्यातले अनुमान बघू. बाहेरख्याली पुरुष दोन डबे घेतात. या पुरुषाने दोन डबे घेतले. म्हणून हा पुरुष बाहेरख्याली. याच न्यायाने, गाढवांना दोन कान असतात, बिशपसाहेबांनाही दोन कान आहेत. पुढचा निष्कर्ष तू काढ, मी कॅथलिक आहे. दोन डब्यांवरून दोन तोंडे सिद्ध होतात. दोन बिछाने नव्हे.

शेवटी व्याख्या. दाम्पत्यद्रोह म्हणजे विवाहित व्यक्तीने परक्या व्यक्तीशी ठेवलेला देहसंबंध. या व्याख्येत दोन माणसे लागतात, एक कृती लागते आणि तिसरे काही लागत नाही. याबाहेर जे उरते ती चहाड्यांची टोपली. तुला दोन वर्षे मीच तर्कशास्त्र शिकवले आणि काठावर पास केले, म्हणून ही टोपली माझ्याही दारात येते.

कागदाच्या कोपऱ्यातला जांभळा डाग शाईचा नाही. लिहिताना खात होते.

तुझी,
तिया साल्वासिओन

•

केसोन सिटी
१९ ऑगस्ट २०१४

प्रिय तिया साल्व,

तुम्ही फोन घेत नाही, कारण फोनवर बोललेलं नाकारता येतं. म्हणून मीही लिहितेय. पोस्टातल्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, कोर्टाची नोटीस आहे का?’ मी म्हटलं, ‘त्याहून वाईट. आत्याला उत्तर आहे.’

गाढवाचा दृष्टांत ऑफिसात वाचून दाखवला. माझ्या मुली हसून हसून आडव्या झाल्या. पण तिया, तुमचं गाढव कधी विमानतळावर उभं राहिलेलं नाही. मागच्या वर्षी एका खलाशाच्या बायकोसाठी मी तिथे गेले. एका बाजूला ती. दुसऱ्या बाजूला दुसरी एक, हातात फुगा. मी मधे. माझी म्हणाली, ‘नवरा येतोय माझा.’ ती फुगेवाली म्हणाली, ‘अय्या, माझापण! कुठल्या जहाजावर आहेत तुमचे?’ मी फक्त दोन पावलं मागे सरकले. पुढचा तपास त्या दोघींनी केला. खलाशी बाहेर आला तो दोन सारखी खोकी ढकलत. एकावर एकीचं नाव, दुसऱ्यावर दुसरीचं. व्यवस्थित माणूस होता.

नोकरीच्या सुरुवातीला मी मोठ्या दुकानात उचल्यांवर नजर ठेवायचे. तिथे एक शिकले. चोर वस्तूकडे बघत नाही, आजूबाजूच्या तोंडांकडे बघतो. नवरेही तसेच. त्या बाईकडे ते फारसं बघतच नाहीत. रस्त्याकडे बघतात.

आणि मी कोर्टासाठी काम करते असं तुम्हाला वाटतं, ते चूक आहे. आपल्या देशात घटस्फोट नाही. बायकोला तुरुंगात घालायला तिची एक दुपार पुरते. नवऱ्याला मात्र ती बाई घरात आणून ठेवावी लागते, दुसरीकडे तिच्याशी संसार मांडावा लागतो, नाहीतर गावभर बोभाटा करावा लागतो. म्हणजे बायकोने केलं की गुन्हा, नवऱ्याने केलं की घरबांधणी. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या चार जणी कोर्टात जातात. उरलेल्या शहाण्णव जणींना एकच हवं असतं: आपल्याला वेड लागलेलं नाही, हे कुणीतरी कागदावर लिहून द्यायला.

आता एक प्रकरण देते. नाव-गाव सांगणार नाही, तेवढा नियम आम्ही चहाडीवाल्यासुद्धा पाळतो. नवरा त्र्याहत्तर वर्षांचा, निवृत्त. लग्नाला सेहेचाळीस वर्षं. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी बूट पुसून बाहेर पडतो आणि दोन तासांनी येतो. बायकोला सांगतो, ‘चर्चच्या पुरुषमंडळाची सभा.’ ते मंडळ तीन वर्षांपूर्वी बंद झालंय. निम्मे सभासद दफनभूमीत आहेत, तरी याची सभा नियमित भरते. महिन्यातून एकदा बोटीने भावाला भेटायला जातो आणि येताना मिठाईचे दोन डबे घेतो. घरी एक पोचतो. त्यांची मुलगी परदेशात आहे, ती आईला कायमचं बोलावतेय. बायकोने तीस नोव्हेंबरचं तिकीट राखून ठेवलंय. माझ्या अहवालात ‘हो’ आलं तर ती जाणार, ‘नाही’ आलं तर राहणार.

मी एक बाई त्याच्या मागावर ठेवली आहे. पण तुम्ही सांगा. हो की नाही?

तुमची,
जोव्हेलिन

•

मोलो
२ सप्टेंबर २०१४

प्रिय इंदाय,

प्रश्न या वेळी नीट मांडला आहेस. वयाचा परिणाम असावा. शिक्षणाचा असता तर आधीच दिसला असता.

डब्यांचा मुद्दा मी पुन्हा फेटाळते. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात डबे असतात. बूट पुसण्याचाही फेटाळते. बूट त्यासाठीच असतात. परंतु बंद पडलेल्या मंडळाची सभा फेटाळता येत नाही. माणूस ज्यावर पांघरूण घालतो ते त्याच्या स्वतःच्या मते उघडे ठेवण्याजोगे नसते. याने तीन वर्षे पांघरूण घातले. म्हणजे तो जिथे जातो तिथले वर्तन त्याच्याच न्यायालयात दोषी ठरलेले आहे. आपण फक्त निकालपत्राची प्रत मागायची. देहसंबंध सिद्ध झालेला नाही हे मी नोंदवते. तरीही अशा प्रकरणी मी ‘हो’ लिहीन.

ज्या बाईकडे तो जातो तिचाही विचार करावा लागेल. दर आठवड्याला एक विवाहित पुरुष ठरलेल्या वेळी दारात उभा राहतो. त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो: ‘या वेळी तुम्ही कुठे आहात असं तुमच्या बायकोला वाटतं?’ ज्या अर्थी तिने तो तीन वर्षांत विचारलेला नाही, त्या अर्थी तिला उत्तर ऐकायचे नाही. तिला मी मूर्ख म्हणणार नाही. मूर्खपणाला क्षमा असते.

माझा मूळ सिद्धान्त अबाधित आहे. या प्रकरणात निर्णय झाला तो माझ्या अनुमानाने झाला, तुझ्या टेहळणीने नव्हे.

तुझी,
तिया साल्वासिओन

•

केसोन सिटी
२९ सप्टेंबर २०१४

प्रिय तिया साल्व,

सोबत एक फोटो आहे. बेबिंगने काढलाय. ती इलोइलोत दारोदार साबण-मलम विकते आणि मधल्या वेळात माझं काम करते. तारीख अठरा सप्टेंबर, गुरुवार, दुपारी तीन वाजून चार मिनिटं. लोखंडी फाटक, त्यावर कागदी फुलांची वेल. फाटकाच्या आत तुम्ही. बाहेर ॲटर्नी एलेउतेरियो मोंतेक्लारो, हातात डबा. ते रस्त्याकडे बघतायत.

हे पत्र लिहून मी माझा नियम मोडतेय. फोटो येईपर्यंत मला काही माहीत नव्हतं, एवढं तरी माना. तुमच्या पहिल्या पत्रावर जांभळा डाग होता, तो मी पाहिला होता आणि सोडून दिला होता. तुम्ही मला काठावर पास केलंत ते बरोबरच होतं.

तुमचं दोन सप्टेंबरचं पत्र जपून ठेवलंय. सही स्पष्ट आहे.

जोव्हेलिन

•

मोलो
९ ऑक्टोबर २०१४

इंदाय,

म्हणजे ती साबणवाली. तिने मला सुरकुत्यांवरचे मलम दिले, माझ्या ओसरीवर बसून दोन पेले पाणी प्याली आणि माझी त्वचा पन्नाशीतली दिसते असे म्हणाली. मलम मी वापरते आहे. त्याचाही परिणाम अद्याप सिद्ध झालेला नाही.

आता उत्तर. ॲटर्नी मोंतेक्लारो अकरा वर्षे दर गुरुवारी तीन वाजता येतात. आम्ही ओसरीवर बसतो. फाटक उघडे असते. समोरच्या शिंप्याला विचार. आम्ही वाद घालतो. एक जण विधान मांडतो, दुसरा ते पाडतो, पुढच्या गुरुवारी बाजू बदलतात. मृत माणसाला दिलेले वचन बंधनकारक असते का, यावर आम्ही सात आठवडे घालवले. अकरा वर्षांत त्यांनी माझ्या हाताला स्पर्श केला तो एकदा, भूकंपाच्या वेळी, आणि तेव्हाही मीच त्यांना टेबलाखाली ओढत होते.

सभेची गोष्ट मला माहीत नव्हती. ते खोटे बोलले असतील तर ते खोटारडे आहेत, आणि योग्य वेळी त्यांना तसे सांगितले जाईल. पण व्याख्या बघ. देहसंबंध नाही, म्हणून दाम्पत्यद्रोह नाही. माझा दोन सप्टेंबरचा निवाडा अपुऱ्या माहितीवर आधारलेला होता, सबब तो मी मागे घेते. अहवालात ‘नाही’ लिही. लुदिविना मोंतेक्लारो सुस्वभावी बाई आहे. एका चुकीच्या शब्दापायी तिने त्र्याहत्तराव्या वर्षी नवऱ्याला एकटे टाकून मुलीकडे बर्फाच्या देशात जाऊ नये.

त्याबरोबर एका शिक्षिकेचे गुरुवारही संपू नयेत, हे मी लिहिणार नव्हते. पण खरे आहे ते लिहिले.

साल्वासिओन नुफाब्ले

•

केसोन सिटी
२४ ऑक्टोबर २०१४

प्रिय तिया साल्व,

माहिती अपुरी नव्हती. तीच माहिती होती. तिच्यात फक्त बाईचं नाव घातलं गेलं.

मी प्रकरण सोडायचं ठरवलं आणि ते तोंडावर सांगायला गेल्या आठवड्यात इलोइलोला येऊन गेले. तुमच्याकडे आले नाही, रागावू नका. मानांग लुदीने, ॲटर्नींच्या बायकोने, मला स्वयंपाकघरात बसवलं. ती सारण भरून लुम्पिया गुंडाळत होती. मी म्हटलं, ‘मानांग, मला हे काम करता येणार नाही. यात माझ्या नात्यातलं माणूस आहे.’

‘माहितीये की. मिस नुफाब्ले तुझी आत्या ना? म्हणून तर तुझ्याकडे आले.’

‘तुम्हाला आधीपासून माहीत होतं?’

‘अगं, मोलो केवढं ते! तिच्या समोरचा शिंपी माझे झगे शिवतो. हा कुठे जातो, ते मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. सभा म्हणतो तर म्हणू दे. मी त्याला सभेसाठी रुमाल इस्त्री करून देते.’

‘मग मला कशाला लावलंत?’

गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, ‘कोण ते कळलंय. काय ते कळत नाही. पाद्रीबाबांना विचारलं, ते म्हणाले, काही घडलेलं नाही, प्रार्थना कर. बहिणीला विचारलं, ती म्हणाली, त्याचे डोळे फोड. दोघांचंही मला पटेना. तो तिकडून येतो ना, तेव्हा रिकामा होऊन येतो. पिशवी उलटी केल्यासारखा. काय झालं विचारलं की म्हणतो, काही नाही. जेवायला बसतो आणि खोकतो. सगळं बोलणं तिकडे, आणि खोकला इकडे.’

मी म्हटलं, ‘ते नुसते वाद घालतात, मानांग.’

‘माझ्याशी कधी घातलाय? मला काय वाद घालता येत नाही? भाजीवालीला विचार!’ मग हात पुसून तिने फळीवरून डबा काढला. बाकोलोदची पियाया, सारणाची चपटी पोळी; साधी, गुळाची. ‘लग्नापासून हाच आणतो. आणि तिला कोनफळाची नेतो, जांभळी. पिशवीत बघितलीये मी. मलापण जांभळीच आवडते, इंदाय. सेहेचाळीस वर्षांत त्याने मला विचारलं नाही. तिला विचारलं असणार ना? त्याशिवाय कसं कळेल?’

तिया, मी दुकानात चोर पकडलेत, हॉटेलांच्या मागच्या दारांशी उभी राहिलेय. मला त्या स्वयंपाकघरात कुठे बघावं ते कळेना.

शेवटी ती म्हणाली, ‘माझी मुलगी तुझ्या आत्याच्या वर्गात होती. घरी येऊन सांगायची, मिस म्हणतात, ज्याची व्याख्या नीट झाली त्याची अर्धी भीती गेली. मग याची व्याख्या तिनेच करू दे. ती म्हणेल ते मी मानेन. नाही म्हणाली तर तिकीट परत करते, आणि पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. मिस खोटं लिहीत नाहीत.’

तेव्हा अहवाल आता मी लिहीत नाही. तुम्ही लिहा. ‘नाही’ लिहिलंत तरी मी तसाच पाठवीन.

तुमची,
जोव्हेलिन

•

मोलो
७ नोव्हेंबर २०१४

प्रिय जोव्हेलिन,

तुझे पत्र आल्यावर मी ‘नाही’ असे उत्तर लिहून ठेवले होते. दीड पानाचे होते. त्यात एकही तर्कदोष नव्हता. मी तीन वेळा तपासले. काल, गुरुवारी, ते टपालात टाकायचे होते. त्याआधी तीन वाजले.

ॲटर्नी डबा घेऊन आले. मी फाटक उघडले नाही.

‘हा आज घरी न्या,’ मी म्हटले.

‘घरी दिला की एक. नेहमीचा.’

‘आणि तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मंडळाची सभा? तीही नेहमीची?’

ते हसले. ‘मिस, हा मुद्दा आजच्या विषयाला धरून नाही.’

‘तुम्ही खोटारडे आहात. हे विधान आहे, प्रश्न नाही. आता हा डबा घेऊन जा आणि तिला कुठली आवडते ते विचारा.’

‘कुणाला?’ ते म्हणाले.

खोडसाळपणे म्हणाले असते तर मी क्षमा केली असती. त्यांना खरोखर कळले नव्हते. ते रस्त्याकडे बघत होते, डबा हातात धरून, विचार करत, की या वाक्यातली ‘ती’ कोण असावी. एवढा तल्लख माणूस. मी अकरा वर्षे त्याच्या बुद्धीला धार लावली आणि त्या धारेने काय काय कापले गेले ते बघितले नाही.

मी उत्तर दिले नाही. त्यांनी विचारलेला आणि मी अनुत्तरित ठेवलेला हा पहिलाच प्रश्न. मग ते गेले. डबा त्यांनी फाटकाच्या खांबावर ठेवला होता. तो मी शिंप्याच्या हाती मानांग लुदीकडे पाठवला. कोणाकडून ते सांगू नकोस, असे बजावले. म्हणजे तो नक्की सांगेल.

दीड पान मी फाडले. अहवालाला जोडण्यासाठी पुढील मजकूर घे आणि त्यातला एकही शब्द मवाळ करू नकोस.

‘श्रीमती लुदिविना मोंतेक्लारो यांस. तुमच्या प्रश्नाचे उत्तर “हो” आहे. देहसंबंध घडलेला नाही. परंतु बोलणे, हसणे, आवडनिवड विचारणे आणि ती लक्षात ठेवणे हे सर्व तुमच्या घरचे होते आणि ते अकरा वर्षे माझ्या ओसरीवर खर्च झाले. मी प्रथम साधी पियाया नको म्हटले, त्यांनी विचारले, मग कुठली, मी सांगितले. त्या वेळी हा प्रश्न आपल्या वाट्याचा आहे का, हे मी पाहिले नाही. तुम्हाला वेड लागलेले नाही. तुम्ही तीस तारखेला जावे की राहावे, हे तुम्हीच ठरवायचे आहे; पण माझ्या “नाही”पायी राहू नये. माझे फाटक गुरुवारी बंद राहील.’

तुझ्या व्यवसायाविषयी चार ऑगस्टला जे सिद्ध करायला मी निघाले होते ते अजून पुष्कळ अंशी खरे मानते. काळ्या चष्म्याविषयीचे तर पूर्णच. तथापि त्या पत्रात एक चूक आहे आणि ती मी येथे नोंदवते.

दाम्पत्यद्रोहाला दोन माणसे लागतात, असे मी लिहिले. तीन लागतात. मोजताना मी पत्नीला धरले नव्हते.

(सही)
साल्वासिओन नुफाब्ले
तर्कशास्त्राची निवृत्त शिक्षिका